लाईन आली का?

गेल्या आठवड्यात आमच्या आठवडी बाजारात एक जण भेटला. चार वर्षांनी. मला ओळख पटायला वेळ लागला, त्याला नाही लागला. चहा घेऊ म्हणाला. टपरीच्या बाकड्यावर टेकल्या टेकल्या त्यानं विचारलं, "मग पत्रकार, हल्ली कोणत्या लाईनला?"

प्रश्न साधाच. आमच्याकडं त्याचा अर्थ एवढाच, की पेपरातच आहात की दुसरं काही धरलं. "त्याच लाईनला," मी म्हणालो. चहा झाला, पैसे त्यानंच दिले, पिशवी उचलून तो गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो शब्द जाईना. कारण चार वर्षांपूर्वी याच माणसानं याच शब्दात मला एक बातमी सांगितली होती. ती मी लिहिली नाही. म्हणजे लिहिली, पण ती नाही लिहिली. तिच्याकडं येतोच. आधी या शब्दाकडं जरा बघू द्या. वीस वर्षं रोज कानावर पडतोय, पण कधी थांबून बघितलं नव्हतं.

"लाईट आहे, पण लाईन नाही." हे वाक्य पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला सांगून बघा. तो आधी पंख्याकडं बघेल, मग तुमच्याकडं. आमच्या खेड्यात हे रोजचं वाक्य आहे. लाईट म्हणजे घरातली. बल्ब, पंखा, टीव्ही, मोबाईलचं चार्जिंग. लाईन म्हणजे शेतातली, थ्री फेज, मोटर ओढणारी. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. त्यामुळं घरात सिरियल चालू असते आणि ओट्यावर बसलेला माणूस म्हणतो, लाईन नाही. दोघंही खरं बोलत असतात.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा जास्त वेळा येणारा मेसेज म्हणजे "लाईन आली का?" त्याखाली "नाय", "आली", "आली आन् गेली", "एक फेज गेलाय". यातली प्रत्येक नोंद पिकाशी जोडलेली असते. 'एक फेज गेलाय' हे न वाचता ज्यानं मोटर टाकली, त्याची मोटर जळाली म्हणून समजा.

आता हीच लाईन इतर ठिकाणी काय काय करते बघा.

पोरगा बारावी झाला की मावशी विचारते, कोणत्या लाईनला टाकला? सायन्स लाईन, डॉक्टर लाईन, आयटीआय लाईन. पोरगं लाईनीला लागलं म्हणजे मार्गी लागलं, आईबाप सुटले. आणि पोरगं भलत्या लाईनीला लागलं म्हणजे संपलंच. मधला 'भलत्या' हा शब्द पुष्कळदा गिळलेला असतो, तो सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचायचा. कॉलेजच्या गेटवर लाईन मारतात, ती वेगळी. वायरमन लाईनवर आहे म्हणजे खांबावर आहे की फोनवर, हे वेळ बघून ठरवायचं. गवंडी लाईनदोरी धरतो, घर बांधणारा आधी 'लाईन आऊट' देतो आणि मग भावकीचं भांडण सुरू होतं. इंग्रजांनी फौजेसाठी, साहेबांसाठी ओळीनं घरं बांधली, त्या वस्त्यांना लाईन चिकटलं ते आजतागायत. नागपुरात सिव्हिल लाईन्स आहे, कोल्हापुरात कसबा बावड्याला लाईन बाजार आहे, आणि पोलीस लाईन तर बहुतेक प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला आहे. हिंदी पट्ट्यात पोलिसाला शिक्षा म्हणून 'लाईन हाजिर' करतात. आपल्याकडं 'कंट्रोलला जमा' करतात. शब्द बदलला, साहेब तोच.

बीडकडच्या माणसाला विचाराल तर लाईन म्हणजे रेल्वे. नगर-बीड-परळीचा मार्ग मंजूर झाला १९९५ साली. तेव्हा जी मुलं शाळेत होती त्यांची मुलं शाळेत जायला लागली तरी प्रश्न तोच, लाईन कधी येणार? १७ सप्टेंबर २०२५ ला नगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली. परळीपर्यंतचं अजून बाकी आहे.

आणि रांग. रांग हा चांगला मराठी शब्द आहे, पण रांगेत कुणी उभं राहत नाही, सगळे लाईनीत उभे राहतात. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आठवते का? आमच्या इथल्या बँकेसमोर पहाटे पाचला माणसं कमी आणि चपला जास्त असायच्या. चप्पल, दगड, पासबुकाची पिशवी, एकदा तर अर्धी वीट. ज्याची त्याची वस्तू लाईनीत, मालक चहाला. वस्तूच्या नंबरावरून मारामारी झालेली मी पाहिली नाही. माणसांच्या नंबरावरून पाहिली. पुढं सरकारनं ठरवलं, लोकांना लाईनीत उभं राहायला लागू नये, म्हणून सगळं ऑनलाईन करायचं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले तेव्हा सेतू केंद्राबाहेर ऑनलाईनसाठी जी लाईन होती, तिचा फोटो माझ्याकडं आहे. सकाळी सातला काढलाय. बायकांच्या हातात आधारकार्ड आणि डोक्यावर टॉवेल.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका आढावा बैठकीत एक म्हातारे गृहस्थ आपलं प्रकरण कुठवर आलं विचारायला उठले. अधिकारी शांतपणे म्हणाले, "बाबा, तुमचं काम पाईपलाईनमध्ये आहे." म्हातारे म्हणाले, "साहेब, पाईपलाईन मी कर्ज काढून केलीय. तिच्यात काय काय आहे ते मला म्हाईतंय. काम बी नाही आन् पाणी बी नाही." सगळे हसले. अधिकारीही हसले. काम तिथंच राहिलं.

मूळ शोधायला गेलो तर हा शब्द निघतो लॅटिनमधल्या 'लिनुम'मधून. लिनुम म्हणजे जवस. होय, आपली चटणीची जवस. तिच्या खोडाच्या तंतूपासून धागा करत, त्या धाग्याला 'लिनेआ' म्हणत, त्याची झाली लाईन. लिनन कापडही त्याच घरचं. म्हणजे लाईन हा मुळात सरळ ताणलेला एक दोरा. हे वाचलं तेव्हा मला आपलं सूत आठवलं. सुतासारखा सरळ, सूत जुळलं, सूत्रं हलली. आपणही तेच केलं होतं की. आपल्या भाषेत सूत, ओळ, रांग, रेघ, रेषा, तार, दोरी, वाट असे वेगवेगळे शब्द होते आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. लाईन आली आणि सगळ्यांच्या जागेवर एकटीच बसली.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला एक सर होते. 'लाईन'वर त्यांचा राग होता. तो राग इंग्रजीवरचा आहे असं आम्हाला वाटायचं. ते म्हणायचे, "कॉपीत लाईन आली की थांबायचं. स्वतःला विचारायचं, नेमकं काय? रांग, की वीज, की धंदा, की धोरण? ते ठरल्याशिवाय पुढचा शब्द लिहायचा नाही." आम्ही पाठीमागं हसायचो. आता वाटतं, सर भाषेबद्दल बोलतच नव्हते. बोलताना लाईन चालते, कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो. छापताना ठरवावं लागतं, आणि ठरवलं की त्यात कुणाचं तरी नाव, कुणाचा तरी निर्णय येतो.

आमच्या धंद्यात लाईनी कमी नाहीत. हेडलाईन, डेडलाईन, डेटलाईन, बायलाईन. बायलाईन म्हणजे बातमीवर आपलं नाव. पहिली आली तेव्हा आईनं तो पेपर गादीखाली ठेवला होता. पण या चौघींपेक्षा भारी एक पाचवी असते. ती कुठं लिहिलेली नसते. ती फोनवर येते. "आपली लाईन सध्या काय आहे, लक्षात आहे ना?"

आता ती बातमी.

चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. थंडी कडक. त्या गावाच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रपाळी होती. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. शेतीपंपाला चोवीस तास वीज नसते. अनेक वर्षं नियम असा राहिला, की दिवसा पाळी असेल तर ८ तास आणि रात्री असेल तर १० तास. फीडरचे गट पाडलेले, पाळी फिरत राहते. कारणही उघड आहे. दिवसा कारखाने, दुकानं, शहरं यांची मागणी असते. रात्री ती उतरते, पण कोळशाचे संच असे बटण दाबून बंद-चालू करता येत नाहीत. उरलेली वीज कुणाला तरी द्यायची, तर शेतीला. हिशेब म्हणून बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात पिकाला पाणी द्यायला एक माणूस लागतो, त्याला अंधारात दिसत नाही, हे कुठं धरलेलं नाही. मोटर चालू करून घरी येऊन झोपता येत नाही. दारं धरावी लागतात. एक वाफा भरला की तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात किंवा कपाळाला बॅटरी, पाय गार पाण्यात. ऊसवाल्या पट्ट्यात बिबट्याची भीती वेगळी. आमच्याकडं साप.

घोणस होती. रात्री दोनच्या सुमारास गव्हाच्या बांधावर पायाला चावली. तो स्वतः चालत वस्तीवर आला. भावानं मोटारसायकलवर मधे बसवून गावात आणलं, तिथून गाडी केली, जिल्ह्याच्या गावाला नेताना वाटेत गेला. वय ४१. दोन मुली.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. माणसं बसलेली, कुणी बोलत नव्हतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. नाव, वय, गट नंबर. भाऊ सांगत होता. मी वही मिटली तेव्हा तो म्हणाला, "पत्रकार, साप चावला हे तुम्ही लिहालच. पण माझा भाऊ सापानं नाही गेला. लाईनीमुळं गेला. दिवसा लाईन असती तर त्यो दोन वाजता रानात कशाला गेला असता? ते लिहा."

त्यानं सांत्वनाच्या सरकारी कागदाबद्दलही एक गोष्ट नंतर सांगितली, ती इथंच घालतो. अपघाती मृत्यूसाठी शेतकऱ्याच्या वारसाला दोन लाखांची मदत मिळते, गोपीनाथ मुंडेंच्या नावाची योजना आहे, साप चावला तरी मिळते. त्यासाठी त्यानं कागद गोळा केले. म्हणाला, सगळ्या कागदांवर कारण एकच, सर्पदंश. रात्री दोन वाजता माणूस रानात का होता, हे कुणी विचारलं नाही आणि लिहायला जागाही नव्हती.

मी मात्र लिहिलं होतं. संध्याकाळी बसून चौदा ओळींची बातमी केली. सरांचा नियम पाळला. 'लाईनीमुळं' याचं मराठी केलं, 'शेतीपंपांसाठी रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकामुळे'. लांबलचक झालं, पण नेमकं झालं. पाठवली. तासाभरात जिल्हा कार्यालयातून फोन. पुढच्या आठवड्यात एका मोठ्या दौऱ्यानिमित्त पुरवणी निघणार होती, जाहिराती घेतलेल्या होत्या, त्यातल्या दोन मीच आणलेल्या. ओरडले वगैरे नाहीत. उलट गोडच बोलले. "बातमी चांगलीय रे. पण साप आणि वेळापत्रक याचा थेट संबंध कसा जोडतोस? पुरावा काय? आपली लाईन सध्या पॉझिटिव्ह आहे. सर्पदंशानं मृत्यू, एवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर खाली सिंगल कॉलम आला. पाच ओळी. वेळापत्रक नव्हतं, रात्र होती की दिवस तेही नव्हतं.

इथपर्यंत दोष दुसऱ्याचा आहे असं म्हणता येतं, आणि मी बरीच वर्षं म्हणत आलो. पण त्यानंतर दीड वर्षानं शेजारच्या गावात अगदी असंच झालं. रात्रपाळी, पाणी, साप. तेव्हा मी सरळ पाच ओळी लिहिल्या. फोन आला नाही, कारण यायची गरजच उरली नव्हती. मला लाईन कळलेली होती. त्या दिवशी पान बघताना मला काहीही वाटलं नाही, हे मी आज लिहितोय ते लिहायला सगळ्यात जड जातंय.

दिवसा वीज मागणारे काय मी एकटा किंवा तो भाऊ नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी कोल्हापुरात याच मागणीसाठी धरणं धरून बसले होते. सरकारकडंही उत्तर आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि ती वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. कल्पना चांगली आहे, हे मी कुठल्या लाईनीशिवाय म्हणतोय. ऊन दिवसाच असतं, तेव्हा स्वस्त वीजही आता दिवसा मिळते, म्हणजे जुना हिशेबच उलटा झाला. आमच्या तालुक्यात जिथं ती पोचलीय तिथं फरक दिसतो. सकाळी नऊला मोटर, संध्याकाळी माणूस घरी. बायका सांगतात, आता रात्री झोप लागते. (त्या योजनेच्या नावातली 'वाहिनी' म्हणजे आपली लाईनच. सरकारी कागदावर ती वाहिनी होते, डीपी रोहित्र होते आणि वायरमन जनमित्र होतो.) २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिलही माफ आहे.

परवा टपरीवर मी त्या भावाला हेच विचारलं होतं, तुमच्याकडं आली का दिवसाची? तो म्हणाला, "बिल शून्य येतंय. लाईन अजून आलटून-पालटून. या आठवड्यात रात्रीची हाय." पुतण्यांचं विचारलं. थोरली बारावीला. कोणत्या लाईनला, हे मी विचारलं नाही. दारं कोण धरतं विचारलं. "मीच. दोघांचं रान आता मलाच बघायचंय."

इथं जिल्हा कार्यालय नाही, पुरवणी नाही. म्हणून ती चौदा ओळींची बातमी जुन्या वहीतून काढून, नावं गाळून, जशीच्या तशी खाली देतोय. चार वर्षं उशीर झालाय.

'गव्हाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री शेतात गेलेल्या ४१ वर्षीय शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला. पहाटे दोनच्या सुमारास ही घटना घडली. या गावाच्या फीडरवर या आठवड्यात शेतीपंपांसाठी केवळ रात्री वीजपुरवठा सुरू आहे. उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी नेत असताना वाटेतच त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या पश्चात आई, पत्नी, दोन मुली व भाऊ असा परिवार आहे. शेतीपंपांसाठी रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकामुळेच आपल्या भावाला अवेळी शेतात जावे लागले व त्यात त्यांचा जीव गेला, असे मृताच्या भावाने सांगितले. दिवसा वीज मिळावी यासाठी ग्रामस्थांनी यापूर्वी दोन वेळा निवेदन दिले होते. घटनेनंतरही वेळापत्रकात बदल झालेला नसून, आज रात्री दहानंतर याच फीडरवर पुन्हा वीजपुरवठा सुरू होणार आहे.'